एक्केचाळीस नंबरचं घर

आमची माणसं गेली त्या दिवशी मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या दार लावायची मला सवय नाही. पण बाहेर उणे अकरा अंश होतं, आणि दार उघडं राहिलं की मिनिटागणिक गुण कापले जात होते.

एस्टोनियातलं तार्तू नावाचं शहर. शहराबाहेर एक सपाट मैदान, मैदानावर बर्फ आणि बर्फावर बारा घरं. प्रत्येक घर वेगळ्या देशातल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं, सुटं करून पेट्यांत भरून समुद्रावरून आणलेलं आणि दहा दिवसांत पुन्हा उभं केलेलं. सगळी घरं फक्त सूर्यावर चालणारी. बाहेरून आत विजेची एक तारसुद्धा येत नव्हती.

आंतरराष्ट्रीय सौरगृह स्पर्धेचा त्या वर्षीचा नियम सोपा होता. घर उभं करून सगळे परत जाणार आणि एक विद्यार्थी मागे राहणार. तीस दिवस त्यानं त्या घरात खरोखर राहायचं. स्वयंपाक, आंघोळ, धुणं, अभ्यास सगळं तिथंच. घरातलं तापमान अठरा अंशांच्या खाली सलग तासभर राहिलं की एक खूण. तीन खुणा झाल्या की घर बाद. जिंकणाऱ्या घराच्या पद्धतीनं आयोजक तिथंच तीनशे घरं बांधणार होते, आणि ज्याची पद्धत त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. आमच्यात ती मिळायची तर नदीम बागवानला मिळायची. पाच वर्षं तो एकाच भिंतीच्या मागे लागला होता.

मागे राहायला माझं नाव निघालं ते हुशारीमुळे नव्हे. नदीम म्हणाला, "शिवलीलाला ठेवा. ती कुणाशीबी भांडून जगती." मी बिराजदारांची पोरगी, मला ते कौतुकच वाटलं.

बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत राहिले. मग लक्षात आलं, बसच्या काचा गोठलेल्या होत्या. त्यांना मी दिसतच नव्हते.

आता भिंतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

उन्हात वाळवलेला पापड हवेवर ठेवला की सादळतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सादळतो म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेतो. काही क्षारही असेच सादळतात. फरक इतकाच की पाणी ओढताना ते गरम होतात. मग त्यांना तापवून ते पाणी काढून टाकलं की ते पुन्हा कोरडे आणि पुन्हा तयार. गंमत पुढे आहे. थर्मासमधला चहा दुसऱ्या दिवशी गार होतो. हा क्षार मात्र हवाबंद ठेवला तर वर्षभरानंतरही तितकीच ऊब देतो, कारण ती त्याच्यात ऊब म्हणून नसतेच, कोरडेपणा म्हणून असते. ओलावा भेटेपर्यंत ती बाहेर येत नाही.

नदीमनं असा एक क्षार भाताच्या तुसाच्या कोळशात मुरवून भोकाभोकांच्या विटा पाडल्या. मे महिन्यात आम्ही त्या सोलापुरात, कॉलेजच्या गच्चीवर, उन्हानं तापवलेल्या हवेत खडखडीत वाळवल्या. पारा चव्वेचाळीसवर होता. "निदान ह्या उन्हाचं काहीतरी चीज झालं," आमचे हत्तरकी सर घाम पुसत म्हणाले. विटा पेट्यांत बंद झाल्या आणि फेब्रुवारीत तार्तूला उघडल्या. आमच्या घराचं नाव सरांनी ठेवलं होतं 'ओसरी', आणि ओसरीच्या मधोमध सोलापूरचा मे महिना भिंत होऊन उभा होता. आम्ही तिला पापड म्हणायचो.

पण पापड सादळणार कसा? उणे अकरा अंशांच्या हवेत ओल नावालाही नसते. यावर आमचं उत्तर असं होतं की ओल माणसं देतील. माणूस श्वासातून आणि घामातून दिवसाला लिटरभर पाणी हवेत सोडतो. भाताची वाफ, आंघोळीची वाफ वेगळीच. लिटरभर पाणी भिंतीनं प्यायलं की पाऊण युनिट ऊब घरात येते. सहा माणसांचं घर दिवसाला दहा लिटर ओल सहज देतं, शिवाय सहा अंगांची ऊब असतेच. घर माणसांच्या श्वासावर गरम राहतं, हे ऐकून पहिल्या फेरीतले परीक्षक टेबलावर हात आपटून खूश झाले होते.

सहा हा आकडा माझा. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट मिळून साठ घरांत मी चौदा-चौदा दिवस डब्या लावल्या होत्या. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड मोजून दर पाच मिनिटांनी आकडे पाठवणारी. भिंतीला ओलीशी मतलब, म्हणून मी ओलीचाच रकाना घेतला. सरासरी आली पाच पूर्णांक आठ माणसं. कारण आपल्याकडे चौघांच्या घरात पाचवा बसलेला असतोच. भिशीवाली असते, शेजारची पोरं असतात, काही काम नसलेला कुणाचा तरी मेहुणा असतो.

स्पर्धेत घरात एकच विद्यार्थी राहणार, हे नियमावलीत स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही नऊही जणांनी ते वाचलं होतं. पाहुण्यांना बंदी नाही, हेही वाचलं होतं. सर म्हणाले, "माणूस राहतो एकटा, पण असतो का एकटा? येतंय की कुणी ना कुणी." आणि आमच्यापैकी एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

कुणीच आलं नाही. पहिले चार दिवस मी रोज संध्याकाळी जरा जास्तीचा भात टाकायची आणि दुसऱ्या दिवशी तोच फोडणी देऊन खायची. भिंतीला हात लावला तर ती कोमट लागायची, कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी. पारा एकवीसवरून वीसवर आला, मग एकोणीसवर. सहाव्या दिवशी पहाटे तो सतरा पूर्णांक आठवर तासभर बसला आणि छताजवळच्या मीटरवर पहिली लाल खूण लागली.

सकाळी मार्गुस नावाचे परीक्षक आले. पन्नाशीचे, उंच, सभ्य गृहस्थ. बूट काढून पायपुसण्यावर उभे राहिले, मीटर पाहिलं, माझी सही घेतली. मी चहा विचारला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "आज तसं ठरलेलं नाही."

मी नदीमला फोन लावला.

"ओले कपडे घाल की आत वाळत," तो म्हणाला.

"घातले. खोली आणखी गार झाली."

त्यानं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. कपडा वाळताना खोलीचीच ऊब खातो आणि भिंत फार तर तीच परत करते; हातात काही उरत नाही. पाणी उकळावं तर त्याला लागणारी वीज भिंतीच्या उबेइतकीच, आणि फेब्रुवारीच्या त्या रोगट उन्हात बॅटरी जेमतेम दिवे आणि स्वयंपाक ओढत होती. माणसाचं तसं नसतं. तो आपली ऊब भाकरीतून घेऊन येतो.

"मग माणसं बोलव," नदीम म्हणाला.

"कुठून बोलवू? इथं काय झाडाला लागतात?"

"थांब, आम्हीच येतो." त्यानं सगळ्यांना फोनवर गोळा केलं. पडद्यावर आठ तोंडं, मागं कॅन्टीनचा गोंगाट, सर कुणाला तरी ओरडतायत. तासभर आम्ही हसलो. फोन बंद केल्यावर मी मीटर पाहिलं. तापमान एक दशांशानंही हललं नव्हतं. भिंतीला फोन कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेंगाच्या चटणीची बरणी घेऊन मी शेजारच्या घराचं दार वाजवलं. तिथं चिलीची कामिला राहायची. तिनं दार चार बोटं उघडलं; तिचेही गुण कापले जात होते. मी म्हटलं, जेवायला ये. तिला मनापासून आनंद झालेला दिसला. तिनं फोन काढला, बोटानं दिवस सरकवले आणि विचारलं, "पुढच्या गुरुवारी?"

तिचं काही चुकत नव्हतं. बाराही जणांना रोज मोजमापं, अहवाल, धुण्याची वेळ, झोपेची वेळ नेमून दिलेली. बारा घरांत बारा माणसं एकटी बसलेली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कामात असेल.

गुरुवारी पाच जण आले. मी पिठलं केलं, भात केला, आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डबा भरून दिलेल्या कडक भाकऱ्या काढल्या. कामिलानं भाकरी कशी मोडायची ते विचारलं, मी बुक्की मारून दाखवली, मग पाचही जणांनी बुक्क्या मारल्या. भिंत पाठीशी घेऊन सगळे जमिनीवर बसले. सातच्या सुमाराला भिंत तापायला लागली. कामिलानं तिला गाल लावला आणि डोळे मिटून म्हणाली, "हिला ताप आलाय." पारा बावीस पूर्णांक चारवर गेला. मी स्वेटर काढला, तार्तूला आल्यापासून पहिल्यांदा.

आठ वाजता सगळ्यांनी एकदम बूट घातले. मी सहा ताटं धुतली. भिंत सकाळपर्यंत गरम होती, आणि त्या गरम भिंतीला टेकून मी रडले. तसं काही विशेष घडलं नव्हतं. मला फक्त फार एकटं वाटत होतं, आणि तसं वाटतंय हे मी इतके दिवस तापमानाच्या नावाखाली लपवत होते.

पंधराव्या दिवशी अहवालासाठी मी माझ्या घरातल्या ओलीचा आलेख काढला. सकाळी साडेसातला एक बारकासा उंचवटा, म्हणजे चहा. संध्याकाळी एक, म्हणजे भात. मधे सगळं सपाट. आणि एका गुरुवारी टेकडी. मी बघत बसले. हा आलेख मी आधी कुठंतरी पाहिला होता.

आठवायला वेळ लागला नाही. घर क्रमांक एक्केचाळीस. साठ घरांमधलं एकच घर मी हिशेबातून वगळलं होतं, ते हे. असेच दोन उंचवटे, अशीच सपाट रेघ आणि एका रविवारी अचानक टेकडी. दोन माणसांच्या घरात इतकी कमी ओल शक्यच नाही, आणि एकाच दिवशी टेकडी म्हणजे यंत्रच भरकटलेलं, असा विचार करून मी शेरा मारला होता: 'डबी नादुरुस्त. नोंद वगळली.' डबी परत आणायचीही तसदी घेतली नव्हती.

मी जुना तक्ता उघडला. एक्केचाळीस, अक्कलकोट. कुटुंबप्रमुख: गुरुसिद्ध बिराजदार, एस.टी. डेपोतून निवृत्त मेकॅनिक. व्यक्ती: दोन.

दुसरी व्यक्ती मी होते. आई गेल्यापासून आप्पा त्या घरात एकटे होते आणि मी सोलापूरच्या हॉस्टेलवर, एस.टी.नं तासाभराच्या अंतरावर. पण आपल्या घराचा अर्ज भरताना माणूस स्वतःला वगळतो थोडाच? मी स्वतःला मोजलं, आणि मी तिथं नव्हते म्हणून यंत्र खोटं ठरवलं. ती रविवारची टेकडीही माझीच होती. डबी नीट चालत नाही म्हणून मी बघायला गेले होते, आणि जेवून तीन तास थांबले होते.

मी फोन केला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"जेवलात का आप्पा?"

"करतो की आता. तू? थंडी लई हाय म्हणं तिकडं."

"आहे जराशी. एकटेच आहात?"

"एकटं कशाला? येत्यात की संध्याकाळची माणसं. मलप्पा येतो. डेपोतली पोरं येत्यात. बसत्यात घटकाभर."

हे ते नेहमीच म्हणायचे आणि मी नेहमीच ऐकायची. "ती पांढरी डबी चालू आहे का हो अजून?" मी विचारलं.

"हाय की. रोज पुसतो तिला. हिरवी लाईट लागती, बरं वाटतं बघून."

"मला इथून दिसतं त्यातलं. घरात माणसं आली की हवेत ओल वाढते, मग इथं रेघ वर जाते."

"म्हंजे श्वासानं?" आप्पांनी विचारलं.

"श्वासानं, वाफेनं. ओल कसलीही असली तरी तिला कळते."

"लई भारी मशीन हाय की मग," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिकडे सात वाजले, म्हणजे माझ्याकडे साडेतीन. मी एक्केचाळीस नंबर उघडून बसले होते. रेघ वर चढायला लागली. चांगली टेकडी झाली, नऊपर्यंत टिकली आणि उतरली. मला इतका आनंद झाला की मी एकटीनं टाळी वाजवली. मलप्पाकाका आले असणार, डेपोतली पोरं आली असणार. माझ्या बापाच्या घरात माणसं होती आणि मी उगाच जुन्या पंधरवड्याचे आकडे धरून बसले होते.

त्यानंतर रोज साडेतीनला मी चहा करून त्या रेघेसमोर बसायची. बाहेर ऊन उतरत असायचं. रेघ चढली की मला वाटायचं, तिथं गप्पा चालल्यात आणि मी उंबऱ्यात बसून ऐकतेय. माझा दिवस त्या दोन तासांवर चालला होता. बाकी कुणाशी बोलणं होत नव्हतं.

विसाव्या दिवशी माझ्या घराला दुसरी खूण लागली. मार्गुस एक कागद घेऊन आले. घटलेल्या तापमानाचं कारण लिहून द्यायचं होतं. दोन चौकोन: 'रचनेतील त्रुटी' आणि 'उपकरणातील बिघाड'. बिघाडाच्या चौकोनात खूण केली की ती लाल खूण पुसली जाणार होती. एकदा तशी सवलत प्रत्येक घराला होती. "दोन दिवसांत द्या," ते म्हणाले.

नदीम फोनवर म्हणाला, "टिक कर आणि सोड. पुढच्या आठवड्यात हवा सुधारतेय तिथली. एका टिकीचा सवाल हाय, शिवे."

करणारच होते मी. पेनही हातात घेतलं होतं. साडेतीन वाजले म्हणून आधी रेघ उघडली. ती तिकडच्या सातच्या ठोक्याला चढली. कालही सातच्या ठोक्याला चढली होती, परवाही. मी सगळ्या टेकड्या एकावर एक ठेवून पाहिल्या. तंतोतंत एकसारख्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या साच्यातल्या विटांसारख्या. मधल्या रविवारचीही तशीच.

माणसं अशी येत नाहीत. अक्कलकोटात तर मुळीच नाही. एखादा साडेसातला येतो, एखादा 'निघतो' म्हणून पाऊण तास दारात उभा राहतो.

मग मी तो दुसरा रकाना उघडला, ज्याकडे आजवर पाहायची गरज पडली नव्हती. कार्बन डायऑक्साइड. ती रेघ एका माणसाची होती, सातच्या आधीही आणि सातनंतरही. चार माणसं येऊन रोज दोन तास बसत होती आणि एकानंही श्वास सोडला नव्हता.

गेल्या दिवाळीत मी आप्पांना विजेची शेगडी घेऊन दिली होती. तिला जाळ नाही, त्यामुळे वायूही नाही. निघते ती फक्त वाफ. चौतीस वर्षं इंजिनांचे रोग ओळखलेला माणूस. डबीला काय कळतं आणि काय फसवतं, हे त्यानं माझ्या एका वाक्यावरून ताडलं होतं. आप्पा रोज संध्याकाळी दोन तास पाणी उकळत होते. मी काळजी करू नये म्हणून.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. समोर कागद तसाच होता. वर्षापूर्वी मी एकदा बिघाडाची खूण केली होती आणि एक माणूस हिशेबातून गेला होता. तीच खूण मला पुन्हा करायची होती.

मी नदीमला फोन केला. "बिघाड काही नाही," मी म्हटलं. "तुझी भिंत बरोबर आहे. माझा आकडा चूक आहे. ही भिंत एकट्या माणसाला उबवू शकत नाही, आणि तीनशे घरांत इथं एकटीच माणसं राहणार आहेत."

"हे तू मला सांग, सरांना सांग. त्यांना कशाला लिहून देतीस?"

"कारण मी एकदा लिहिलं नाही."

"पाच वर्षं गेलीत माझी." त्याचा आवाज बसला होता. त्यानं फोन ठेवला.

मी 'रचनेतील त्रुटी'वर खूण केली. खाली सगळं लिहिलं, एक्केचाळीस नंबरचा आलेख जोडला आणि तक्त्यात व्यक्तींच्या रकान्यात 'दोन' खोडून 'एक' केलं. सगळ्या अहवालात तो एक आकडा लिहायला मला सर्वात जास्त वेळ लागला.

सव्विसाव्या दिवशी तिसरी खूण लागली. मार्गुस आले, दारावरचा नंबर त्यांनी स्क्रू काढून उतरवला. मग बूट काढून आत आले आणि म्हणाले, "आता मी तुमचा परीक्षक नाही. चहा असेल तर घेईन." चहा पिताना त्यांनी तो आलेख पुन्हा मागितला आणि बराच वेळ पाहिला. "माझी आई दोनशे किलोमीटरवर असते," ते म्हणाले. "ती म्हणते, शेजारी येतात." मी त्यांचा कप पुन्हा भरला. भिंत तेवढ्यापुरती जराशी तापली.

नदीमनं महिनाभर फोन केला नाही. मग एक दिवस नुसताच संदेश आला. तार्तूतल्या एका बालवाडीनं भिंतीबद्दल विचारलं होतं. 'चाळीस पोरं, दिवसभर बोंबलत्यात. चालेल का?' मी लिहिलं, 'धावेल.' त्यावर त्याचं उत्तर आलं नाही, पण भांडण संपलं.

हे पुढचं झालं. त्याआधी, परतल्याच्या दिवशी, मी सोलापूर स्टँडवर उतरून हॉस्टेलला न जाता अक्कलकोटची एस.टी. धरली. आप्पांना कळवलं नव्हतं. घराशी पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. दार नुसतं लोटलेलं होतं.

स्वयंपाकघरात शेगडीवर मोठं पातेलं रटरटत होतं. डबी बाहेरच्या खोलीतून आणून पातेल्यावरच्या फळीवर ठेवली होती. तिची हिरवी लाईट वाफेत पुसट दिसत होती. शेजारी खुर्ची टाकून आप्पा पेपर वाचत बसले होते. चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे त्यांना मी दिसले नाही.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"मीच."

ते धडपडत उठले. हात आधी शेगडीच्या बटणाकडे गेला, मग तसाच थांबला. आम्ही दोघंही पातेल्याकडे बघत राहिलो.

"कळलं व्हय तुला?"

"कळलं."

"कशावरनं?"

"श्वास नव्हता त्यात, आप्पा."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. मेकॅनिकला आपली चूक कुठं झाली ते कळल्यावर येतं तसं हसू त्यांच्या तोंडावर आलं. "आयला, ते बी मोजतंय व्हय," ते म्हणाले. मग हसू राहिलं नाही. "मलप्पा पोराकडं गेला पुण्याला. वर्ष झालं. तुला कशाला सांगायचं म्हणलं."

मी पिशवी खाली ठेवली आणि फळीवरून चहापत्तीचा डबा काढला. पातेल्यात आठेक कपांचं पाणी होतं. मी अंदाजानं सगळ्यालाच पुरेल एवढी पत्ती आणि साखर टाकली.

"अगं, एवढा कोण पिणार?" आप्पा म्हणाले.

"आपण," मी म्हटलं. "नऊ वाजेपर्यंत आहे की वेळ."